पोफळीच्या बागेतली खोली: घरी बांधायचा स्टिरिओस्कोप

पोफळीच्या बागेत फोटो काढला की घरी येऊन पाहताना हमखास हिरमोड होतो. बागेत उभं असताना एकामागे एक पोफळी, त्यांच्यावर चढलेल्या मिरवेली, मधून गेलेला पाट आणि गडग्यापलीकडचं कौलारू घर हे सगळं आपापल्या जागी दिसत असतं. फोटोत मात्र ते एकाच हिरव्या भिंतीवर चिकटवल्यासारखं होतं. महागडा कॅमेरा घेऊनही हे बदलत नाही. कॅमेरा एका डोळ्याने बघतो आणि ती खोली, म्हणजे कोणती वस्तू किती पुढे किंवा मागे आहे हे, आपल्याला दोन डोळ्यांमुळे कळत असतं. ती फोटोत परत आणणारं उपकरण म्हणजे स्टिरिओस्कोप: किंचित वेगळ्या जागांवरून काढलेले दोन फोटो तो एकेका डोळ्याला वेगळे दाखवतो.

आपल्या डोळ्यांमध्ये साधारण साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टनने १८३८ मध्ये ही गोष्ट आरसे लावलेल्या उपकरणाने सिद्ध केली. तेव्हा छायाचित्रण जाहीरही झालेलं नव्हतं, त्याने हाताने काढलेल्या आकृत्या वापरल्या. पुढे स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टरने भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप केला आणि १८६१ च्या सुमारास अमेरिकन डॉक्टर आणि लेखक ऑलिव्हर वेंडेल होम्सने हातात धरायचा उघडा नमुना बनवला. होम्सने त्याचं पेटंट घेतलं नाही. आज आपण बांधणार आहोत तो त्याच घराण्यातला. भूगोलाच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी हवाई छायाचित्रं पाहिली असतील त्यांना याचा चुलतभाऊ, खिशात मावणारा स्टिरिओस्कोप, ओळखीचा असेल.

आधी प्रिंट ठरवा, मग खोका

नवशिके पहिल्यांदा खोका बांधतात आणि मग त्यात बसेल असा फोटो शोधतात. उलट करा. कोणत्याही तालुक्याच्या गावात फोटो लॅबमध्ये ४ × ६ इंचाचा प्रिंट मिळतो. म्हणजे सुमारे १०२ × १५२ मिलिमीटर. त्यावर ७४ मिमी रुंदीची दोन उभी चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि मध्ये २ मिमी फट सोडली की कागद पुरेपूर वापरला जातो. फोनचा उभा फोटो ३:४ प्रमाणाचा असतो, तो या अर्ध्या कागदात जवळजवळ जसाच्या तसा बसतो. मोठं काही न छाटता, लॅबवाल्याला काही समजावून न सांगता काम होतं, म्हणून मला हे माप सगळ्यांत आवडतं.

आता या लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा आकडा: ८० मिलिमीटर. दोन भिंगांच्या केंद्रांमध्ये इतकं अंतर ठेवायचं, आणि प्रिंटवर सगळ्यांत दूरची वस्तू, समजा क्षितिजावरचा डोंगर, डाव्या आणि उजव्या चित्रात एकमेकांपासून बरोबर इतकीच लांब आली पाहिजे. भिंगाच्या नाभीय अंतरावर (दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जेवढ्या अंतरावर स्वच्छ पडते तेवढ्यावर), भिंगाच्या केंद्रासमोर ठेवलेल्या बिंदूपासून येणारे किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. डोळा भिंगाच्या मध्यावर असो की जरा आतल्या बाजूला, किरण समांतरच येतात. म्हणून डोळ्यांतलं अंतर साधारण ६५ मिमी असूनही ८० मिमी अंतरावरचे बिंदू बघायला डोळे बाहेर फाकवावे लागत नाहीत. हे एकदा पटलं की बाकी सगळं फूटपट्टीचं काम आहे.

सामान

चष्म्याच्या दुकानात जा आणि प्लस पाच नंबरच्या, न कापलेल्या, ६५ मिमी व्यासाच्या दोन गोल काचा मागा. फायबरच्या चालतील, त्या हलक्या असतात आणि पडल्या तरी सहसा फुटत नाहीत. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच प्रकारच्या हव्यात. नंबर मोजायच्या यंत्रावर ठेवून दोन्हींच्या केंद्रावर पेनने ठिपका द्यायला सांगा. नंबरही तिथेच तपासून घ्या. माझ्या पहिल्या जोडीत एक काच पाचची आणि दुसरी साडेपाचची निघाली. आठवडाभर डोकं दुखेपर्यंत कारण कळलं नव्हतं. घरी तपासायचं असेल तर खिडकीसमोरच्या भिंतीजवळ काच धरा. बाहेरच्या माडांची उलटी, स्वच्छ प्रतिमा भिंतीवर पडली की काच आणि भिंत यांच्यात २० सेंटिमीटर भरले पाहिजेत. हेच भिंगाचं नाभीय अंतर: १००० ला नंबराने भागलं की मिलिमीटर मिळतात.

खोक्यासाठी सनबोर्ड, म्हणजे फेसाळ प्लास्टिकचा हलका फळा, घ्या. फ्लेक्सचे फलक छापणाऱ्यांकडे ३ आणि ५ मिमी जाडीचे तुकडे पडलेले असतात. मी सुरुवात आंब्याच्या पुठ्ठ्याच्या पेटीपासून केली होती. मे महिन्यात ती झकास होती, श्रावणात मऊ पडली आणि भिंगं वाकडी झाली. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा, आपल्या हवेत फुगतो. प्लायवूड चांगलं, पण त्याला करवत आणि सुताराचा हात लागतो. सनबोर्डला पाणी लागत नाही आणि तो साध्या कटरने कापला जातो. याखेरीज काळा कार्डपेपर, स्टीलची पट्टी, चिकटवण्यासाठी गरम गोंदाची पिस्तूल, आणि मुठीसाठी गुळगुळीत लाकडी दांडा. लोखंडी चिमटे नकोत, पहिल्या पावसात गंजतात. स्क्रू लागले तर पितळी वापरा.

बांधणी

५ मिमी सनबोर्डचे २८ × १२ सेंमीचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवा. ही तळपट्टी. सुकताना वर वजन ठेवा, नाहीतर ती किंचित वाकते आणि ते वाकणं नंतर सुधारत नाही.

भिंगपाटी तीन थरांची: १८ × ११ सेंमीचे तीन तुकडे, तिन्ही ३ मिमीचे. तिन्हींवर खालच्या कडेपासून साडेपाच सेंमी उंचीवर आडवी रेघ मारा आणि तिच्यावर मध्यापासून दोन्हीकडे ४० मिमीवर एकेक खूण करा. या दोन खुणा म्हणजे आपले ८० मिमी. इथे अर्धा मिलिमीटरही चुकवू नका. मधल्या तुकड्याला ६५ मिमीची भोकं, बाहेरच्या दोन्हींना ५८ ची. कंपासला पेन्सिलीऐवजी ब्लेडचं टोक बांधून हळूहळू चार-पाच फेऱ्यांत कापलं की भोक गोल येतं. भिंगं मधल्या थरात बसतात आणि बाहेरचे दोन थर त्यांची पातळ कड धरून ठेवतात. भिंगाची खोलगट बाजू डोळ्यांकडे ठेवा. गोंद भिंगाला लावायचा नाही, फक्त थरांना. आणि चिकटवण्यापूर्वी दोन ठिपक्यांतलं अंतर पुन्हा मोजा.

पाटीच्या खालच्या कडेला मध्यभागी नाकासाठी त्रिकोणी खाच हवी: बुडाशी ४ सेंमी रुंद, ४ सेंमी उंच. तळपट्टीच्या त्या टोकालाही तशीच खाच द्या आणि मग पाटी काटकोनात उभी करा. काटकोन गुण्याने तपासा.

भिंगपाटीच्या मागे, बरोबर मध्यरेषेवर, १६ सेंमी लांब आणि १० सेंमी उंच उभा पडदा लावा. त्याचा नाकाकडचा खालचा कोपरा तिरका छाटा. पडद्यामुळे डावा डोळा डावंच चित्र बघतो आणि उजवा उजवंच. त्याला दोन्ही बाजूंनी काळा कार्डपेपर लावायला विसरू नका. पांढरा पडदा चकाकतो आणि लक्ष तिकडेच जातं.

राहिला प्रिंटचा धारक. १७ × ११ सेंमीचा उभा तुकडा, खाली पाय, आणि समोर प्रिंट टेकवायला ४ मिमी उंचीची कड. म्हणजे चित्राचा मध्य भिंगांच्या मध्याच्या उंचीला येतो. तळपट्टीच्या दोन्ही कडांना सनबोर्डच्या पट्ट्या लावून रूळ तयार करा, धारकाचा पाय त्यांच्यामध्ये मागेपुढे सरकला पाहिजे. भिंगांपासून १७ ते २१ सेंमी इतका प्रवास पुरे. वरून खोका बंद करू नका, प्रिंटवर उजेड पडायला हवा. डोळ्यांच्या बाजूंना मात्र काळ्या कार्डपेपरचे कान लावले तर बाजूचं ऊन आत येत नाही. शेवटी तळाशी, समतोल साधेल तिथे, मूठ.

फोटोआधी रेघांची चाचणी

४ × ६ च्या पांढऱ्या कागदावर बरोबर ८० मिमी अंतराने दोन अधिकची चिन्हं काढा. त्यांच्या खाली ७७ मिमी अंतराने दोन छोटी वर्तुळं. कागद धारकात ठेवा, उजेड पाठीमागून येईल असे बसा आणि भिंगांतून समोर दूर खाडीकडे बघतोय अशा निवांत नजरेने बघा. क्षणभराने चार आकृत्यांच्या दोन होतील. अधिकचं चिन्ह लांब राहील आणि वर्तुळ त्याच्या पुढे हवेत तरंगेल. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो घालूनच बघावं.

चिन्हं दोन-दोनच दिसत राहिली तर घाई करू नका. ७६ आणि ७३ मिमीचा दुसरा कागद करून बघा, बहुतेकांना तो पटकन जमतो, मग ८० वर या. एक चिन्ह वर आणि एक खाली दिसत असेल तर भिंगपाटी किंवा कागद तिरका आहे. हे आधी दुरुस्त करा, कारण डोळ्यांना उभा फरक अजिबात सोसत नाही. एका डोळ्याची नजर फार कमी असेल किंवा तिरळेपणा असेल तर काहींना खोली दिसणारच नाही. त्यात त्यांची चूक नसते, त्यांना पुन्हापुन्हा प्रयत्न करायला लावू नये.

जोडफोटो काढताना

एका फोनने दोन फोटो काढायचे: एक डावीकडून, एक उजवीकडून. फोन उभा धरा, झूम २ एक्सवर ठेवा. साध्या १ एक्सच्या रुंद दृश्यात आपल्या भिंगांमधून बघताना खोली अवास्तव ताणली जाते, हाताजवळचा माड आणि मागचं घर यांच्यात मैदान आहे असं वाटतं. स्क्रीनवर बोट दाबून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा. मग वजन डाव्या पायावर टाकून पहिला फोटो, उजव्या पायावर घेऊन दुसरा. फोन वळवायचा नाही, फक्त सरकवायचा. दोन्ही वेळा क्षितिज पडद्यावर त्याच उंचीला हवं. हे नीट जमलं की खुणा केलेली सरकपट्टी तिपाईवर लावा. हाताने काढलेल्या जोड्यांपैकी बऱ्याच बाद होतात, पट्टीवरच्या क्वचितच.

किती सरकवायचं? जुना नियम सांगतो की सगळ्यांत जवळच्या वस्तूच्या अंतराचा तिसावा भाग. आपल्या उभ्या, अरुंद चौकटीत मी चाळिसावा भाग धरतो. अडीच मीटरवर माडाचा बुंधा असेल तर साधारण साडेसहा सेंमी, म्हणजे डोळ्यांइतकंच. दहा मीटरवर नांगरलेली होडी असेल तर पाव मीटर. शंभर मीटरवरचा पलीकडचा काठ सगळ्यांत जवळचा असेल तर अडीच मीटर चालत जा. वाशिष्ठी खाडीतल्या दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या कठड्याशी उभं राहिलात तर चालायचीही गरज नाही, बोटच तुम्हाला सरकवते. एक फोटो, थोडं थांबून दुसरा. बोट तुमच्या उजव्या हाताला जात असेल तर पहिला फोटो डाव्या डोळ्याचा. जवळचं पाणी चौकटीत घेऊ नका, ते दोन्ही फोटोंत वेगळं येतं आणि नुसतं चमचमत राहतं.

हलणारी प्रत्येक गोष्ट या पद्धतीची वैरी आहे, आणि किनाऱ्यावर सगळंच हलतं. म्हणून वेळ निवडा. रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळी थांबतात आणि खारे वारे अजून सुरू झालेले नसतात, त्या मधल्या वेळात माडाची झापंसुद्धा स्थिर असतात. रत्नागिरीजवळ भाट्याच्या सुरुबनात मला याच वेळेला चांगल्या जोड्या मिळाल्या. दुपारी वाऱ्यात जायचंच असेल तर वाळूवर ओढलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, गडगे, पायऱ्या, विहिरी असे विषय घ्या. माणसांना दोन श्वास स्थिर राहायला सांगितलं तर मोठी माणसं राहतात. लहान मुलांसाठी एकाच पट्टीवर सारखे दोन फोन लावावे लागतात, पण तो पुढचा टप्पा.

जुळवणी आणि छपाई

संगणक असेल तर स्टिरिओफोटो मेकर हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरा. डावा आणि उजवा फोटो दिला की तो उंचीतला फरक आणि तिरकेपणा आपोआप काढतो. नसेल तर फोनवरच्या कोणत्याही कोलाज अ‍ॅपमध्ये हाताने करता येतं, फक्त वेळ लागतो.

एक काम मात्र डोळ्यांनीच करायचं. चौकट ही खिडकी आहे असं समजा आणि दृश्य खिडकीच्या पलीकडे ठेवा. त्यासाठी डाव्या चित्राची डावी कड आणि उजव्या चित्राची उजवी कड, म्हणजे दोन्ही बाहेरच्या कडा, थोड्या थोड्या छाटत जा. सगळ्यांत जवळची वस्तू दोन्ही चित्रांत डाव्या कडेपासून सारख्याच अंतरावर आली की थांबा. मग दोन्ही चित्रं ७४ मिमी रुंदीला आणून मध्ये २ मिमी फट ठेवा. आता पट्टी घ्या: जवळची वस्तू दोन चित्रांत एकमेकांपासून ७६ मिमीवर आणि क्षितिज ८० किंवा त्याच्या जरा आत. ८० च्या पुढे गेलं तर डोळ्यांना बाहेर फाकावं लागेल आणि बघणारा वैतागून उपकरण खाली ठेवेल. पुढच्या वेळी फोन कमी सरकवा.

लॅबमध्ये सांगा: मॅट कागद, आणि कडा कापायच्या नाहीत. चकचकीत कागदावर खिडकीचा उजेड दोन्ही डोळ्यांना वेगवेगळा परावर्तित होतो, शिवाय पावसात असे प्रिंट एकमेकांना चिकटतात. आलेला प्रिंट ३ मिमी सनबोर्डवर चिकटवला की तो वळत नाही.

डावं-उजवं उलटं छापलं गेलं तर चित्र विचित्र दिसतं: आकाश पुढे येतं, बुंध्याच्या जागी खड्डा पडल्यासारखा वाटतो. मधोमध कापून बाजू बदला. बघायला दिलेल्या माणसाने "काहीतरी चमत्कारिक आहे" म्हटलं की आधी हेच तपासा.

कातळावर

सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळी पठारांवरच्या, कातळशिल्पांसाठी हे तंत्र फार उपयोगी आहे, आणि खरं तर त्यांच्यासाठीच मी यात शिरलो. जांभ्यात कोरलेल्या या आकृत्या उथळ असतात. साध्या फोटोत दुपारी त्या जवळपास नाहीशा होतात. उक्षी, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, सिंधुदुर्गातलं कुडोपी अशा ठिकाणांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात कशेळीचा सुमारे १८ मीटर लांबीचा हत्तीही आहे. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना जा. इथे क्षितिज चौकटीत नसतं, सगळं जमिनीवरच असतं, त्यामुळे फोन जास्त सरकवता येतो. जवळचा भाग ३ मीटरवर आणि लांबचा ६ मीटरवर असेल तर साडेसात सेंमीऐवजी चक्क १५. कोरीव रेघांचा उतार, काठ, तळ सगळं उठून येतं.

मात्र रेघा स्पष्ट दिसाव्यात म्हणून त्यांत खडू, चुना किंवा पाणी भरू नका, आणि शिल्पावर पाय ठेवू नका. बाजूने, गावातल्या माणसाला बरोबर घेऊन काढा. प्रिंटच्या मागे तारीख, वेळ, जवळचं अंतर आणि फोन किती सरकवला ते पेन्सिलीने लिहा. कातळ झिजतो, तेव्हा दहा वर्षांनी त्याच जागेवरून तीच जोडी काढणाऱ्याला या चार नोंदी लागतील.

पावसाळा

जून ते सप्टेंबर उपकरण भिंतीवर टांगू नका. दमट खाऱ्या हवेत भिंगांवर बुरशीची जाळी धरते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा, प्रिंटही तसेच. जेलचा रंग बदलला की ते कोरडं गरम करून पुन्हा वापरता येतं, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको. भिंग पुसताना आधी फुंकणीने वाळूचे कण उडवा, मग मऊ सुती कापड. फायबरच्या काचेवर एकदा चरा पडला की तो कायमचा.

दुसऱ्याच्या हातात देताना पहिल्यांदा तो अधिकच्या चिन्हांचा कागद द्या, मग पोफळीचा फोटो. धारक मागेपुढे त्यांनाच करू द्या, आपण मध्ये हात घालू नये. आमच्या शेजारच्या आजींना मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी काहीच दिसलं नव्हतं. नंतर त्यांच्याच खळ्याची जोडी त्यांना दिली. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत, आणि मग डोळे भिंगांवरून न काढता एक हात पुढे करून तुळशीवृंदावनाला हात लागतो का ते बघू लागल्या.